पंखा कमी करा

ही गोष्ट मी हाताने लिहितो आहे. माझा हात आत्ता चादरीवर उताणा पडलेला आहे. त्याच्या अंगठ्यावर एक माशी केव्हाची बसली आहे आणि तिला उडवणं माझ्याच्याने होत नाही. तरीही मी हाताने लिहितो आहे. यात काहीतरी बनवाबनवी आहे असं वाटत असेल तर तुमची चूक नाही. समितीलाही तसंच वाटलं होतं.

मी निहार आरवाडे, मालिका लिहितो. 'काचेचं माप' ही माझीच. "आम्ही असलं काही बघत नाही" असं सांगणाऱ्या घरांतच ती सर्वांत जास्त बघितली जाते, हे वाहिनीने मला गुपचूप दाखवलेलं आहे. माझ्या बरोबरीचे लेखक यंत्राला तोंडी सांगून लिहून घेतात. मी टंकत होतो, दहाही बोटांनी, कळफलकाकडे ढुंकूनही न बघता. तोंडी सांगितलं की सगळी पात्रं माझ्यासारखीच बोलायला लागतात; बोटांतून आली की ज्याची त्याला भाषा मिळते. हाताने मात्र मला एक अक्षर काढता येत नव्हतं. आमच्या पिढीला शाळेत पहिलीपासून कळफलक. 'क'ची कळ दाबली की पडद्यावर क उमटायचा, विषय संपला. याची मला कधी लाज वाटली नाही. बैलगाडी हाकता येत नाही म्हणून कोणी तोंड लपवतं का?

मग एका रविवारी पोहे खाताना माझ्या मेंदूच्या देठात रक्ताची गुठळी अडकली. मेंदूतून निघालेले सगळे हुकूम याच देठातून खाली शरीराकडे जातात. तो रस्ताच बंद झाला. आत मी शाबूत होतो. ऐकू येत होतं, दिसत होतं, चिमटा काढला तर कळत होता आणि नाकाला खाज सुटली तर फारच कळत होती. बाहेर मात्र फक्त एक पापणी उरली. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. बुबुळांवर चालणारी यंत्रं असतात, पण माझी बुबुळं सारखी थरथरत होती. ओठांच्या हालचालीवरून बोलणारी यंत्रंही असतात, पण माझ्या ओठांत हालचालच नव्हती. माझी बायको अन्विता संध्याकाळी शेजारी बसून मुळाक्षरं म्हणायची आणि मी हव्या त्या अक्षराला पापणी मिटायची, असं आम्ही करून पाहिलं. दुसरं अक्षर येईपर्यंत पापणी दमून आपोआप पडायची. कोणत्या अक्षरावर मिटली आणि कोणत्यावर नुसती पडली, हे मलाही सांगता आलं नसतं. अन्विता रडायची नाही. ती खोलीबाहेर जाऊन यायची.

सांगलीबाहेर, नदीच्या अंगाला, 'चेतनासेतू' नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या डॉ. तन्वीर इनामदारांनी माझ्यासारख्यांसाठी एक उपाय काढला होता. उजवा हात हलवणारा मेंदूचा जो भाग असतो, त्याच्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ जाळी पसरायची. हात हलत नसला तरी 'हलव' हा हुकूम त्या भागातून सुटतोच. खाली रस्ता बंद आहे ही बातमी त्या बिचाऱ्याला पोचलेलीच नसते. जाळी तो हुकूम टिपते. आपण मनाने हात चालवून अक्षर काढायचं. यंत्र आधी त्या हालचालीची रेघ पडद्यावर काढतं, आणि मग 'पारखी' नावाचा प्रोग्रॅम ती रेघ कोणतं अक्षर आहे ते ओळखून छापील मजकूर दाखवतो. केंद्रात आधी आलेले सगळे रुग्ण सत्तरीच्या पुढचे होते आणि सगळे घडाघडा लिहायला लागले होते. त्यांतल्या एका आजोबांनी तर पहिल्याच आठवड्यात मृत्युपत्र बदललं.

माझ्या डोक्यात जाळी बसली. जखम भरली. तन्वीरसाहेब म्हणाले, "निहार, मनातल्या मनात क काढा."

मी मनातल्या मनात 'क'ची कळ दाबली.

पडद्यावर एक ठिपका आला. ख काढा म्हणाले, ठिपका. ज्ञ काढा म्हणाले, ठिपकाच. तन्वीरसाहेबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मला हाताने लिहिता येतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. आधीच्या कुठल्याच रुग्णाला ते विचारावं लागलं नव्हतं. पारंब्यांसारखं अक्षर असलेली ती शेवटची पिढी होती आणि तिच्या मागून आलेला पहिला रुग्ण मी.

"कळा दाबून नाही का चालणार?" अन्विताने विचारलं. "त्याचा वेग तुम्ही बघितलेला नाही."

"वेगाचा प्रश्न नाही," तन्वीरसाहेब म्हणाले. "टंकताना बोट काय करतं? किंचित खाली जातं आणि वर येतं. क असो की ज्ञ, हालचाल तीच. जागा तेवढी अर्ध्या बोटाने इकडची तिकडे. जाळीला सगळ्या कळा सारख्याच वाटतात. लिहिताना प्रत्येक अक्षराला हाताचा प्रवास वेगळा. हात वळतो, थांबतो, मागे येतो, वेग घेतो. लांबून येणारा माणूस आपण चालीवरून ओळखतो ना, तशी जाळी अक्षर ओळखते. निहारच्या हातात चालच नाही."

पुढचं त्यांनी खाली बघून सांगितलं. जाळीचा उपयोग नसेल तर ती डोक्यात ठेवणं धोक्याचं, जंतुसंसर्ग होऊ शकतो. दिवाळीच्या आधी तज्ज्ञ समिती बसेल. तोपर्यंत एकही अक्षर निघालं नाही तर जाळी काढायची. आणि माझ्या वयाच्या, म्हणजे कळफलकावर वाढलेल्या कोणालाच यापुढे या उपचारासाठी घ्यायचं नाही, असा नियम होईल. म्हणजे मी एकटा बुडणार नव्हतो, अख्खी पिढी घेऊन बुडणार होतो.

खोलीच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून माझ्या सासूबाई हे सगळं ऐकत होत्या.

डॉ. पद्मजा मगदूम. जयसिंगपुरात त्यांनी जन्मभर दवाखाना चालवला. गाव त्यांना मॅडम म्हणतं आणि घाबरतं. मी त्यांना आई म्हणतो आणि घाबरतो. त्या मला निहारराव म्हणतात, अहोजाहो करतात, आणि लग्नात जावयाचे पाय धुवायची वेळ आली तेव्हा "त्यांचे पाय त्यांनी घरून धुवून यावेत" असं भर मांडवात म्हणाल्या होत्या. मला ते इतकं आवडलं की मी त्यांना उचलून मालिकेत टाकलं. 'काचेचं माप'मधली खाष्ट सासू चंद्राक्का चष्म्याच्या वरून बघते, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडून "हं, पुढं बोला" म्हणते, आणि कोणाच्या पाया पडत नाही. पहिल्याच आठवड्यात सगळ्या जयसिंगपूरने ओळखलं. सासूबाई त्यावर कधी चकार शब्द बोलल्या नाहीत. "मी मालिका बघत नाही," एवढंच म्हणत.

आता त्यांनी चष्म्याच्या वरून तन्वीरसाहेबांकडे बघितलं.

"लहान पोराच्या तरी हातात चाल कुठे असते? आम्हाला कोणी शिकवली? पाटीवर अक्षर काढून द्यायचे, मागे बसून हात धरायचे आणि त्याच अक्षरावरून हात फिरवायचे. पाटीवर रेघ बोटाएवढी जाड होईस्तोवर. गिरवणं म्हणतात त्याला. तुम्ही ऐकलंही नसेल."

"पण त्यांचा हात हलत नाही, मॅडम."

"त्यांचा हलत नाही. माझा हलतो. त्यांना स्पर्श कळतो ना? हात कुठून कुठे गेला हे मेंदूला कळतं ना?"

"कळतं," तन्वीरसाहेब म्हणाले. मग एकदम खुर्ची पुढे ओढून बोलायला लागले, बहुतेक स्वतःशीच. हात दुसऱ्याने हलवला तरी त्याची खबर मेंदूपर्यंत जाते. त्याच क्षणी रुग्णाने आतून 'मीच हलवतोय' असा जोर लावला, तर जाणारा हुकूम आणि येणारी खबर यांची गाठ पडेल. रोज रोज पडली तर नवी वाट तयार होईल. हात धरणाऱ्याच्या बोटात नोंद घेणारी अंगठी घातली तर यंत्रालाही कळेल कोणत्या हुकमाला कोणती हालचाल. "हे कोणी करून बघितलेलं नाही," ते म्हणाले.

"हं," सासूबाई म्हणाल्या. "मग पुढं बोला. कधीपासून?"

दुसऱ्या दिवशी त्या पाटी घेऊन आल्या. खरी, दगडी, लाकडी चौकटीची. सांगलीत जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली म्हणाल्या. पलंगाच्या दांडीवर पाटी टेकवली, माझ्या बोटांत पेन्सिल अडकवली आणि त्यावर स्वतःचा हात ठेवायच्या आधी जरा घुटमळल्या. सासूने जावयाचा हात धरायचा म्हणजे त्यांनाही अवघड आणि मलाही. मी घाईघाईने एकदा पापणी मिटली. हो.

"लक्ष द्या," त्या म्हणाल्या, आणि पाटीवर कर्रर्र आवाज झाला.

तो आवाज मनगटातून थेट कोपरापर्यंत गेला. टंकताना असं कधी काही वाटलं नव्हतं. कळ सगळ्यांना सारखीच लागते. ही पेन्सिल दगडाशी भांडत होती आणि ते भांडण माझ्या हाडात ऐकू येत होतं. त्या माझा हात फिरवत होत्या आणि मी आतून जीव खाऊन फिरवत होतो. अ. परत अ. परत अ. घामाने माझी उशी भिजली.

मग रोज हेच. सकाळी जयसिंगपूरहून त्या यायच्या, डबा ठेवायच्या (त्यात माझी नळीतून द्यायची पेजही असे) आणि पाटी काढायच्या. मुळाक्षरांचा त्यांना लवकरच कंटाळा आला आणि त्या शब्दांवर गेल्या. शब्द तरी कसले, जन्मभर चिठ्ठ्यांवर लिहिलेलेच: 'जेवणानंतर', 'कोमट पाण्यातून', 'तेलकट बंद'. माझ्यासारख्या नामांकित लेखकाने आयुष्यात हाताने काढलेला पहिला शब्द 'उपाशीपोटी' आहे. माझं लक्ष उडालं की त्यांना नुसत्या हाताच्या वजनावरून कळायचं. "कुठं गेलात? इकडे या," असं म्हणून त्या बोटं दाबायच्या.

एका दुपारी गिरवता गिरवता त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या बाईला दरीत टाकली."

मी समजलो. माझ्या मागे वाहिनीने मालिका एका लेखनयंत्राकडे दिली होती. त्या यंत्राने चंद्राक्काची गाडी आंबा घाटात दरीत कोसळवली होती.

"प्रेतसुद्धा दाखवलं नाही मेल्यांनी. तुम्ही असतात तर ढकललं नसतं. निदान जाताना दोन शब्द तरी बोलली असती." आणि मग नेहमीच्या आवाजात, "मी बघत नाही. शेजारणीकडे लागलेली असते."

अन्विताला हे सगळं सोसवत नव्हतं. ती बँकेतून थकून यायची आणि माझा हात पांढऱ्या धुळीने माखलेला बघून तिचा संताप व्हायचा. एकदा ती माझ्यासमोरच आईवर ओरडली.

"पुरे कर आई! दीड महिना झाला. तो माणूस आहे, पाटी नाही. तू आशा लावतेस आणि मग दिवाळीला ते लोक डोकं उघडून जाळी काढतील. तेव्हा तू जयसिंगपूरला जाशील. मी इथे असेन."

सासूबाईंनी पाटी पुसली. "तुझा हात धरून मी कधी अ काढला नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर रांग असायची. तुझ्या हातात ते पडदे दिले आणि सुटले. आता रांग नाही. मला एवढं करू दे."

अन्विता या वेळी खोलीबाहेर गेली नाही. पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिली आणि मला दोघींच्या मध्ये पडून काही म्हणता येईना, याचं मला त्या दिवशी सर्वांत जास्त वाईट वाटलं.

चाचणी वेगळ्या खोलीत व्हायची. तिथे नातेवाइकांना मज्जाव होता. माणूस प्रेमापोटी ढगातही अक्षरं वाचतो, म्हणून नियम चांगलाच होता. तन्वीरसाहेब आणि त्यांचे दोन सहकारी पडद्यासमोर बसायचे. एके दिवशी ठिपक्याच्या जागी रेघ उमटली. सगळे उठून उभे राहिले. रेघ पुढे सरकली, वळली, खाली गेली, लोळली, परत वर आली. पारखीने तिच्याकडे बघितलं आणि खाली लिहिलं: अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रेघ. अक्षर नाही. आठवडाभर तेच. तन्वीरसाहेबांनी अहवालात लिहिलं, हालचाल आहे, अक्षर नाही. आणि ते मला वाचून दाखवताना त्यांनी माझी माफी मागितली. भला माणूस. पण मी आत बसून दात-ओठ खात होतो, कारण मी लिहीत होतो! क सांगितला की क काढत होतो, म सांगितला की म. शेवटी वैतागून मी सांगितलेलं सोडून दिलं आणि माझ्या मनातलं लिहायला लागलो. त्या खोलीतला पंखा बरोबर माझ्या डोक्यावर होता, माझी टाळू चाचणीसाठी उघडी असायची आणि थंडीने मेंदूला झिणझिण्या यायच्या. हो-नाही विचारायला सगळे तयार होते, पण पंख्याबद्दल हो की नाही हे कोणाला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी सासूबाई डबा घेऊन लवकर आल्या. माझी खोली रिकामी दिसली म्हणून शोधत शोधत चाचणीच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे पडद्यावरच्या त्या लोळणाऱ्या रेघेकडे हताशपणे बघत होते. सासूबाईंनी चष्मा वर केला.

"अहो, मग करा ना कमी," त्या म्हणाल्या.

तन्वीरसाहेब दचकले. "काय कमी करू?"

"पंखा! 'पंखा कमी करा, पंखा कमी करा' म्हणून केव्हाचे कळवळून लिहितायत ते, आणि तुम्ही तिघं तोंडं बघत बसलाय होय?"

मी एकदा पापणी मिटली. मग पुन्हा. मग थांबून पुन्हा. मला हो, हो, हो म्हणायचं होतं, पण दोनदा म्हणजे नाही हे आठवून मी घाबरलो आणि एकदाच घट्ट मिटून डोळा तसाच ठेवला. उघडला तेव्हा पंखा बंद होता आणि तन्वीरसाहेब खुर्चीवर चढून स्वतःच्या हाताने त्याची पाती थांबवत होते.

झालं होतं असं. माणूस ज्याच्या हाताखाली गिरवतो त्याचं वळण त्याच्या हातात उतरतं. माझ्या हातात डॉ. पद्मजा मगदूम यांचं वळण उतरलं होतं. आणि ते डॉक्टरांचं अक्षर होतं! पारखीला शिकवताना शाळांच्या जुन्या वह्यांमधून गोळा केलेल्या हजारो नमुन्यांवर शिकवलं होतं, सगळं वळणदार, शिरोरेघ ओढलेलं. असला प्रकार त्याने जन्मात बघितला नव्हता. आणि प्रयोगशाळेतले तिघेही माझ्याच पिढीचे; पारखीने सांगितल्याशिवाय त्यांना कोणाचंच हस्ताक्षर वाचता येत नव्हतं. सासूबाईंना मात्र हा खुलासा अजिबात पटला नाही. "मी तर नीटच गिरवून घेत होते," त्या म्हणाल्या.

आता समितीचा प्रश्न राहिला. अध्यक्ष नाडकर्णी मॅडम पुण्याहून आल्या. बाई कडक आणि हुशार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माफ करा, पण हे आम्ही पूर्वी पाहिलं आहे. रुग्ण गप्प असतो, जवळचं माणूस त्याच्या वतीने वाचतं, आणि शेवटी कळतं की बोलत होतं ते जवळचंच माणूस. या रेघांत अक्षरं आहेत असं फक्त या बाईंना दिसतं. मला तिऱ्हाईत वाचक हवा. घरचा नको, केंद्राचा नको. मिळेल?"

सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "आख्ख्या दुनियेत एकच आहे," त्या म्हणाल्या.

सन्मती चौगुले दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले. जयसिंगपुरात मगदूम मॅडमच्या दवाखान्यासमोर त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि मॅडमची प्रत्येक चिठ्ठी त्यांनीच वाचली होती. आल्या आल्या त्यांनी चहात साखर कमी असल्याची तक्रार केली आणि मग विचारलं, "पैज हाय की परीक्षा?"

त्यांना इमारतीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. सासूबाई आणि अन्विताला खाली उपाहारगृहात, सोबत समितीचा एक माणूस. माझ्यासमोर फक्त नाडकर्णी मॅडम. त्यांनी स्वतःच्या पर्समधून एक चित्र काढलं आणि मला दाखवलं. हत्ती होता. मी मनगट सैल सोडलं, म्हणजे मनातलं, आणि लिहायला लागलो. हत्ती मी कधी गिरवला नव्हता. ह 'आहार'मधला आणला, त्त 'पित्त'मधून उचलला, वेलांटी 'गोळी'वरून घेतली.

दुसऱ्या टोकाला ती रेघ सन्मतींसमोर उमटली. खोलीतल्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला.

"हत्ती. औषध न्हाई हे कुठलं, पण लिवलंय हत्ती."

नाडकर्णी मॅडमनी दुसरं चित्र काढलं.

"छत्री," स्पीकर म्हणाला. "पुढं?"

तिसरं चित्र जत्रेतल्या आकाशपाळण्याचं होतं. मी जरा खोडसाळपणा केला.

"आकाशपाळणा," सन्मती म्हणाले. "आणि खाली लिवलंय, 'बसल्यावर पोटात गोळा'. त्याला गोळी देऊ का काय?"

नाडकर्णी मॅडमना हसू आवरलं नाही. त्यांनी चित्रं पर्समध्ये टाकली आणि घरच्या मंडळींना वर बोलावलं. सासूबाई दाराशी ताठ उभ्या राहिल्या, अन्विता त्यांच्या मागे. "निहार," मॅडम म्हणाल्या, "आता तुमच्या मनातलं एक वाक्य लिहा. जे तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या मनात असूच शकणार नाही."

मी लिहिलं. सावकाश लिहिलं, शिरोरेघ द्यायचाही प्रयत्न केला. स्पीकरवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. माझ्या पोटात खरोखरच गोळा आला.

"वाचलंय मी," सन्मती शेवटी म्हणाले, "पण काय कळंना. असं लिवलंय, 'चंद्राक्का मेली नाही. दरीतून वर चढून येते आहे.'"

कोणी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे आल्या. पडद्यासमोर उभ्या राहून त्यांनी ती रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितली. चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला. डोळ्यांत पाणी त्यांच्याही येतं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"अक्षर सुधारा, निहारराव," त्या म्हणाल्या.

जाळी राहिली. नियम झाला, पण उलटा झाला: वयाची अट नाही. सन्मतींनी दिवाळीच्या सुट्टीत दुकान पुतण्यावर सोपवून पारखीला मगदूम मॅडमचं अक्षर शिकवलं, आणि आता पारखी माझं लिहिणं भराभर छापून दाखवतो. आज या केंद्रात सकाळी आलात तर वऱ्हांड्यात उभं राहून ऐका. प्रत्येक खोलीतून कर्रर्र आवाज येतो. कोणी नवऱ्याचा हात धरून बसली आहे, कोणी मित्राचा. ज्यांना स्वतःलाच लिहिता येत नाही ते आधी आत्याकडे, मामाकडे जाऊन गिरवून येतात. मोहोळच्या एक बाई त्यांच्या मोठ्या दिरांच्या वळणात लिहितात, आणि एक मुलगा त्याच्या पी.टी.च्या सरांसारखं, सगळी अक्षरं सावधान उभी. आम्ही गेलेली पिढी होतो. गेलो नाही.

मला अजूनही टंकणंच जास्त आवडतं, हे इथे नमूद करतो. पण माझी पात्रं पूर्वीपेक्षा कमी बोलतात आणि चांगलं बोलतात, असं वाहिनीचं म्हणणं आहे. चंद्राक्का दरीतून वर आली त्या भागाला जयसिंगपुरात दुकानं बंद होती म्हणे. सासूबाईंनी तो भाग शेजारणीकडे पाहिला.

आणि अन्विता. पारखीचे छापील शब्द तिला पुरेनात. सगळ्यांच्या तोंडून ऐकलं, यंत्राकडून वाचलं, आता मला तुझ्याकडून वाचायचं आहे, म्हणाली. म्हणून गेले काही महिने रोज संध्याकाळी माझ्या पलंगाशेजारी दोघी बसतात. आई मागे, मुलगी पुढे, मांडीवर पाटी. आईचा हात मुलीच्या हातावर. "लक्ष कुठंय?" असं ऐकू येतं आणि मला आत हसू येतं.

आज मी हे लिहीत असतानाच ती आली आणि तिने पारखी बंद करायला लावला. पडद्यावर नुसती रेघ ठेवली. सासूबाईंना म्हणाली, तू बोलायचं नाहीस. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लिही."

इतक्या दिवसांचं इतकं काही साठलं होतं की काय लिहावं कळेना. शेवटी रोज संध्याकाळी ती बँकेतून यायची तेव्हा कळफलकावरून मान वर करून जे विचारायचो, तेच लिहिलं.

ती पडद्याजवळ गेली. बोट रेघेवर ठेवलं आणि रेघेवरून हळूहळू फिरवत, अडखळत, एकेक अक्षर लावत वाचलं, "जेव... जेवलीस का?"

मागे सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"नाही अजून," अन्विता म्हणाली. तिने डोळे पुसले, माझ्या अंगठ्यावरची माशी उडवली आणि तिघांचा डबा उघडला.